मुलांच्या नावाची झाडं

याकूबने लावलेलं झाड मरत नाही, असं अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या मराठी घरांत बोललं जायचं, आणि ते ऐकायला याकूबला फार आवडायचं. तोंडाने तो 'अल्लाची मेहेरबानी' म्हणायचा खरा, पण म्हणताना मान जराशी ताठ व्हायची. एरवी माणूस अगदी साधा. दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावातला, बुटका, उन्हाने रापलेला, साठीला टेकलेला. सव्वीस वर्षं तो अल ऐनच्या रस्त्यावर, अल खतिमला, एका अरबाच्या शेतावर खजुराची झाडं सांभाळत होता. तिथले सगळे कामगार मालकाला अर्बाब म्हणत, म्हणून तोही म्हणायचा. शेतात सव्वातीनशे झाडं होती आणि कुठल्या झाडाचं कुठे दुखतंय हे अर्बाबला याकूबला विचारल्याशिवाय सांगता येत नसे.

बायको मरियमबी आणि मुलगी यम्ना शहरात राहायच्या, एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत. याकूब शुक्रवारी दुपारी शेतावरच्या पिकअपने घरी यायचा आणि रविवारी परत जायचा. मरियमबीचा त्या वस्तीत वेगळाच दरारा होता. बाळ-बाळंतिणीला तेल लावण्यात आणि बाळाला न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुण्या-मुंबईच्या बायका, एरवी लॅपटॉपवर चारचौघांना धारेवर धरणाऱ्या, मरियमबीपुढे मुकाट पाय पसरून बसायच्या. आणि ज्या घरी मरियमबी बाळाला न्हाऊ घालायला जायची, त्या घरी थोड्या दिवसांनी याकूब झाड घेऊन जायचा.

ही रीत त्याच्या बापाची. गावात मुसलमानाच्या घरी असो की हिंदूच्या, मूल जन्मलं की याकूबचा बाप मोड आलेला नारळ घेऊन जाई आणि त्या घराच्या परसात स्वतःच्या हाताने लावी. मग तो माड त्या मुलाच्या नावाने ओळखला जाई. पोराला ताप आला की बाया आधी त्याच्या माडाला पाणी घालून येत. एकदा वादळात एका पोराचा माड मुळासकट पडला, तर महिनाभर त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. पोराला पुढे काही झालं नाही, पण त्याच्याकडे बघायची लोकांची नजर बदलली ती बदललीच. याकूबचाही या गोष्टीवर विश्वास होता. हसण्यावारी नेण्याइतका तो शिकलेला नव्हता, आणि खरं म्हणजे शिकला असता तरी त्याने नेलं नसतं.

इथे माड धड जगत नाही, म्हणून त्याने खजूर धरली. खजुराच्या झाडाच्या बुडाशी फुटवे येतात. शेतावरचे पेशावरी कामगार त्यांना बच्चाच म्हणतात. तो बच्चा पहारीने आईपासून तोडून दुसरीकडे लावायचा, की त्याचं आईसारखंच झाड होतं. अर्बाबने हसत परवानगी दिली होती. नऊ वर्षांत याकूबने असे चौदा बच्चे चौदा घरी लावले.

पण नारळात आणि खजुरात एक फरक आहे, आणि तो याकूबला पक्का माहीत होता. नारळाचं रोप नारळातून येतं. आईला काय दुखणं आहे त्याची त्याला गंधवार्ता नसते. खजुराचा बच्चा म्हणजे आईच्या अंगाचाच तुकडा. आईच्या पोटात जे असेल ते तो घेऊन येतो. आणि त्या पोटात असू नये असा प्राणी म्हणजे सोंड्या. तांबूस, बोटाच्या पेराहून थोडा मोठा, पुढे सोंड काढलेला भुंगा. कोकणात माडाला लागतो तोच इथे खजुराला लागतो. मादी झाडाच्या जखमेत अंडी घालते, अळ्या खोडात शिरतात आणि झाड आतून खात सुटतात. बाहेरून कित्येक महिने झाड हिरवंगार दिसतं. म्हणून याकूब तोडलेला बच्चा तीन आठवडे शेताच्या एका कोपऱ्यात वेगळा ठेवायचा. रोज बुडाशी नाक नेऊन वास घ्यायचा, औषधात बुडवून काढायचा, आणि मगच कुणाच्या दारी न्यायचा. या तीन आठवड्यांच्या बाबतीत त्याने कधी कुणाचं ऐकलं नाही. एकदाच ऐकलं.

शहरातला त्याचा पहिला बच्चा लागला होता शोभना आणि विजयकुमार यांच्या अंगणात, त्यांच्या अंकुरच्या बारशाला. विजयकुमार रुवैसच्या तेल कारखान्यात इंजिनिअर, आठवडाभर तिकडेच असायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन-अडीचशे किलोमीटर गाडी हाकत घरी यायचा. घर भाड्याचं. दरवर्षी भाडं वाढलं की विजयकुमार दिरहमचे रुपये करून मोठ्याने ऐकवायचा आणि दुसरं घर बघू म्हणायचा. शोभना म्हणायची, झाड कसं न्यायचं ते आधी सांग. तिथे विषय संपायचा. अंकुर नऊ वर्षांचा झाला तोवर झाड डोक्याच्या वर गेलं होतं आणि तीन वर्षांपासून फळ धरत होतं. दर वाढदिवसाला अंकुर त्याला पाठ लावून उभा राही आणि बाप फोटो काढी. शाळेत तो सांगे की मला एक ट्विन आहे.

मग आठ-नऊ वर्षांनी, शोभनाची चाळिशी जवळ आलेली असताना, श्रिया झाली. दीड महिना आधीच झाली. एक किलो नऊशे ग्रॅमची. वीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी आली ती मुठीएवढ्या चेहऱ्याची, आणि मरियमबीसुद्धा पहिल्या दिवशी तिला हातात घेताना बिस्मिल्ला दोनदा म्हणाली. बारसं लांबलं. शेवटी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ठरलं, तेही घाईत, कारण शोभनाच्या आईचं परतीचं तिकीट सोमवारचं होतं. याकूबला निरोप आला बुधवारी. शोभनाने फोनवर सांगितलं, की आईला जाण्याआधी नातीचं झाड लागलेलं बघायचंय.

तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे, असं याकूबने म्हणायला हवं होतं. तो म्हणाला, इन्शाल्ला, शनिवारी आणतो. त्याने शेतातलं सगळ्यांत जुनं खनीझीचं झाड निवडलं, लाल गोड फळाचं, अंकुरचं झाड ज्या आईचं तीच. गुरुवारी बच्चा तोडला. तोडल्या जागी नाण्याएवढा तपकिरी डाग होता. पहारीच्या गंजाचा असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. अंगठ्याने पुसला. अंगठा नाकाशी नेला नाही. सव्वीस वर्षांत ज्या माणसाने वास घेतल्याशिवाय बच्चा हलवला नव्हता, त्याने त्या दिवशी नाक आवरलं, कारण वास आला असता तर शनिवारी रिकाम्या हाताने जावं लागलं असतं. हे त्याने स्वतःशी कबूल केलं ते फार पुढे.

शनिवारी बच्चा लागला, अंकुरच्या झाडापासून दहा पावलांवर. आजीने कुंकू लावलं, फोटो निघाले, याकूबला पेढे मिळाले.

मार्चमध्ये शेतावर पराग झाडण्याचं काम चालू असताना याकूब त्या जुन्या झाडाजवळून गेला आणि थबकला. आंबूस वास होता, ताडी उतरल्यासारखा. तो बुडाशी बसला. बच्चा जिथून तोडला होता त्याच्या शेजारी तपकिरी चिकट पाणी ओघळून सुकलं होतं. बोट घातलं तर चावलेला ओला भुसा हाताला लागला. कान लावला तर आत करकर ऐकू आली, शांत, सावकाश, पोटभर जेवणाऱ्याची. याकूब घाबरला, पण त्या मोठ्या झाडासाठी नाही. त्याला एकदम बारशाचे पेढे आठवले.

अर्बाबला त्याने त्याच तासाला सांगितलं. शेताच्या बाबतीत त्याने एक मिनिट दवडलं नाही. अर्बाबने कपाळाला आठीसुद्धा घातली नाही, 'मालेश', म्हणजे असू दे, म्हणाला आणि औषध मागवायला फोन लावला. तिथे खरं बोलायची काहीच किंमत पडली नाही.

शनिवारी सकाळी तो शोभनाकडे गेला. सोबत पहार आणि काळ्या प्लॅस्टिकची मोठी पिशवी नेली होती. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं, सरळ सांगायचं. अंगणात गेला तर बच्च्याचं मधलं पान पिवळं पडून झुकलेलं. त्याने हलकेच ओढलं आणि ते सुटून हातात आलं, बुडाशी कुजलेलं. तेवढ्यात शोभना श्रियाला कडेवर घेऊन दारात आली. सात महिन्यांची पोर, पण चार महिन्यांची दिसेल एवढीच.

"काय झालं हो याकूबभाई?" तिने विचारलं. "मला आठवड्यापासून वाटतंय, काहीतरी बिनसलंय. वाचेल ना?"

याकूबने ठरवलेलं वाक्य तोंडापर्यंत आणलं. मग त्याला दिसलं, की हे बोललो की आपण तिच्यापुढे कोण उरतो. ज्याचं झाड मरत नाही तो याकूब उरत नाही. जो कीड लागलेलं झाड तान्ह्या मुलीच्या नावाने लावून पेढे खाऊन गेला, तो उरतो. त्याच्या तोंडून निघालं, "पानी कमी पडलं, भाभी. इथली हवा वाईट. होतं असं कधी कधी. मी दुसरा आणतो."

त्याने बच्चा उपटला, पिशवीत घातला, वर गाठ मारली आणि निघाला. घाईत त्याने शोभनाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ते वाक्य कुठे लागलं ते तिथेच कळलं असतं.

रविवारी शेतावर गेल्यावर त्याने पिशवी उघडली आणि बच्चा कोयत्याने उभा चिरला. आत सोंड्याने विणलेले कोष होते, खजुराच्याच काथ्याचे, अंगठ्याएवढे. दोन भरलेले. तीन रिकामे. रिकामे म्हणजे आतला भुंगा पुरा होऊन, तोंड उघडून, उडून गेलेला. आणि त्या अंगणातून उडालेला भुंगा पहिल्यांदा कुठे बसणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. दहा पावलांवर अंकुरचं झाड होतं.

आता माणसाने काय करावं? फोन उचलावा आणि सांगावं, की शोभनाभाभी, मी खोटं बोललो, आजच्या आज मोठ्या झाडाला औषध देऊ. याकूबने काय केलं, तर तो पुढच्या शनिवारी एक सापळ्याची बादली घेऊन गेला आणि ती अंकुरच्या झाडाजवळ ठेवून आला. माश्यांसाठी आहे, म्हणाला. खरं तर तो सापळा वासाने भुंग्यांना बोलावतो. झाडापासून दूर ठेवायचा असतो, हे शेतावर तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचा. भीतीने अक्कल गहाण टाकली की असं होतं. दोन आठवड्यांनी लक्षात आल्यावर त्याने ती बादली गुपचूप उचलून आणली. तिच्यात दोन सोंडे मेलेले होते, आणि किती जण बादली सोडून झाडावर उतरले त्याचा हिशेब अल्लाला.

एप्रिल असाच मूग गिळून गेला. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी जेवताना, मरियमबी म्हणाली की शोभनाचं काही ठीक नाही. पोरीच्या पायाला तेल लावताना आज ती रडली. रोज तीन-तीन वेळा पोरीचं वजन करते. वजन नाही वाढलं की जेवत नाही. आणि अंगणात तो खड्डा आहे ना, झाड काढलेला, त्याला रोज पाणी घालते. कुणी बघत नसेल तेव्हा घालते, पण अंकुरने बघितलं.

"मला विचारत होती," मरियमबी म्हणाली, "तुमच्या गावात कधी असं झालंय का. पोराचं झाड आईच्या हातून सुकलं, आणि मग पोराचं काय झालं."

याकूबचा घास हातातच राहिला. त्याला त्या पडलेल्या माडाचं घर आठवलं, तिथली गप्प बसलेली माणसं. मग त्याने सगळं सांगितलं, डाग, अंगठा, रिकामे कोष, बादली, सगळं. सांगताना त्याने मान वर केली नाही. मरियमबी रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मी रोज त्या बाईच्या घरी जाते," आणि उठून हात धुवायला गेली.

यम्ना दारात उभी राहून ऐकत होती. ती इथेच जन्मलेली, एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. बापाशी बोलताना तिला मराठी सापडत नसे. "अब्बा, जस्ट टेल हर," ती म्हणाली. "शी थिंक्स शी डिड इट."

दुसऱ्या दिवशी विजयकुमार घरी होता. याकूबने चपला दाराबाहेर काढल्या आणि आत बसायला नकार दिला. उभ्यानेच बोलला. विजयकुमारला पहिल्यांदा वाटलं की हा पैशांचं काही मागायला आलाय, म्हणून तो 'अरे बोला ना, टेन्शन घेऊ नका' असं म्हणत होता. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला. त्याने इंजिनिअरच्या सवयीने प्रश्न विचारले. किती दिवस झाले, ट्रीटमेंट काय, सक्सेस रेट किती. याकूबने माहीत होती तेवढी उत्तरं दिली.

शेवटी शोभना म्हणाली, "सात आठवडे झाले, याकूबभाई. सात आठवडे मी रोज त्या खड्ड्यापाशी उभी राहून आठवतेय, कुठल्या दिवशी माझं पाणी चुकलं. एक दिवस सापडला होता मला. फेब्रुवारीतला. श्रियाला ताप होता, मी अंगणात गेले नव्हते. त्या दिवसासाठी मी स्वतःला काय काय बोलले, ते तुम्हांला सांगून समजणार नाही."

"भाभी, माझी चूक..."

"बच्च्याला कीड होती ती चूक. त्याचं मी काही म्हणत नाही. पाणी कमी पडलं, हे तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघता सांगितलंत. ती चूक नव्हती."

याकूब अंगणात गेला, अंकुरच्या झाडापाशी बसला, आणि कान लावण्याआधीच त्याला वास आला.

मे आणि जून त्याने त्या झाडामागे घालवले. घरमालकाला कळवलं, कीड बघणाऱ्या सरकारी माणसांना कळवलं. दर शनिवारी येऊन खोडाला तिरकी भोकं पाडायची, नळ्या घालायच्या, औषध ओतायचं, भोकं मातीने लिंपायची. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात घामाने बनियन अंगाला चिकटायचं. पूर्वी या घरातून त्याला बाहेर पाऊल टाकायच्या आत पाण्याची बाटली, सरबत, काहीतरी मिळायचं. आता अंकुर बाटली आणून पायरीवर ठेवायचा आणि आत पळायचा. शोभना बाहेर येत नसे. मरियमबीचं जाणं तिने थांबवलं नाही, पण पूर्वीसारखी ती तिच्याशी बोलत नसे. मरियमबी घरी येऊन याकूबशी बोलत नसे. असं ते दोन घरांत पसरलं होतं.

झाडाने मात्र यंदा फळ धरलं होतं ते भरभरून. सहा घड, लाल होत चाललेले. औषध दिल्यामुळे ते खायचे नव्हते. विजयकुमारने घडांना कापडी पिशव्या बांधल्या आणि अंकुरला दहा वेळा बजावलं. अंकुर पिशव्यांच्या आत डोकावून रंग बघायचा. तो पूर्वीसारखा झाडाला टेकत नसे. एकदा त्याने मरियमबीला विचारलं, की झाडाला आत कीडा झाला तर ट्विनलाही होतो का. मरियमबीने त्याला जवळ घेतलं आणि 'वेडा आहेस का' म्हटलं, पण हे ऐकून शोभना स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मधला कोंब एका बाजूला कलला. याकूबने तो बघितला आणि त्याला आणखी काही बघायची गरज उरली नाही. सरकारी माणसं आली, त्यांनीही खोडावर ठोकून बघितलं आणि मान हलवली. झाड तोडायचं, तिथल्या तिथे बारीक भुगा करायचा, नेऊन पुरायचं, नाहीतर आसपासच्या सगळ्या घरांची झाडं जातील. शनिवार ठरला.

शनिवारी सकाळी आठ वाजता करवतवाले आले. विजयकुमार फाटकाशी त्यांच्याशी बोलत होता. अंकुर पायरीवर बसला होता, गुडघ्यांत हनुवटी घालून. शोभना श्रियाला घेऊन बाहेर आली आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा याकूबजवळ येऊन उभी राहिली. श्रियाला आता दोन दात आले होते. अंगाने अजून बारीकच, पण आईच्या ओढणीचं टोक तिने चांगलं आवळून धरलं होतं.

"अंकुर रात्री झोपला नाही," शोभना हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही त्याला सांगा, हे झाड त्याचं नव्हतं."

याकूबला कळेना. "भाभी, त्याला माहिताय. सगळ्यांना माहिताय."

"तुम्ही सांगितलंत म्हणून माहीत आहे. तुम्हीच सांगा, की नव्हतं." तिने श्रियाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "एका लेकराच्या नावाच्या झाडापायी मी सात आठवडे मरत होते. दुसऱ्या झाडापायी माझ्या मुलाला मरू देणार नाही. झाड कुणाच्या तरी नावाचं असायलाच हवं असेल, तर तुमच्या नावाचं सांगा."

ती असं म्हणाली तेव्हा तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्यासाठी ते शब्द होते, पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचे. याकूबसाठी ते नुसते शब्द नव्हते. बापापासून समुद्र ओलांडून आणलेली त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, आणि तिच्यावर त्याचा अजूनही तेवढाच विश्वास होता. ज्याच्या नावाचं झाड पडलं त्याच्याकडे लोक कसे बघतात, हे त्याने लहानपणी बघितलं होतं. त्याला वाटलं, म्हणावं, भाभी, हे सोडून दुसरं काहीही सांगा. मग त्याने पायरीवरच्या पोराकडे बघितलं. पोरगं करवतीकडे बघत होतं, आणि एका हाताने स्वतःचं पोट चाचपत होतं.

याकूब पायरीपाशी जाऊन उकिडवा बसला. गुडघे वाजले.

"बाबू," तो म्हणाला, "एक गोष्ट सांगायची राहिली. हे झाड तुझं नाही. माझं आहे. माझ्याकडे जमीन नव्हती, म्हणून तुमच्या दारात लावलं मी. तू छोटा होतास, तुला खूश करायला तुझं म्हणायचो."

अंकुरने त्याच्याकडे बघितलं. "बट यू ऑल्वेज सेड इट्स माइन."

"खोटं बोललो. माझं होतं. पहिल्या दिवसापासून माझं."

अंकुरने हे मनात फिरवून बघितलं. पोटावरचा हात हळूच खाली आला. त्याने झाडाकडे बघितलं, कललेला कोंब, पिशवीतले लाल घड, औषधाच्या भोकांवरची माती. मग याकूबकडे, त्याच्या रापलेल्या मानेकडे, पांढऱ्या दाढीकडे बघितलं. बघता बघता त्याचे डोळे भरले.

"देन व्हॉट विल हॅपन टु यू, अंकल?"

शोभनाने तोंड फिरवलं. फाटकापाशी करवतवाल्याने यंत्र सुरू करून पुन्हा बंद केलं आणि हात वर करून विचारलं, यल्ला? याकूबला त्या पोराला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, आणि या वेळी खोटं द्यायचं नव्हतं. तो उठला, अंकुरच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने त्या माणसाला चालू कर म्हणून खूण केली.